बॅकअपमागचं बीजगणित

१० मार्च २०२१ला फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गला ओव्हीएच या क्लाउड कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली. चारपैकी एक इमारत पूर्ण जळाली. काही ग्राहकांनी बॅकअप घेतला होता, पण तोही त्याच आवारात. मूळ डेटा गेला, प्रतही गेली.

तरी ‘क्लाउडवर आहे ना, मग काळजी नाही’ हे वाक्य सतत कानावर येतं. क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या इमारतीतल्या हार्ड डिस्क, आणि डिस्क आज ना उद्या बंद पडतेच. हे माहीत असूनही चांगल्या सेवा आपल्या फाइली टिकवतात, त्यामागचं गणित मला फार आवडतं.

तीन प्रती ठेवायच्या तर जागा तिप्पट लागते. अर्विंग रीड आणि गुस्ताव सोलोमन या गणितज्ञांनी १९६०मध्ये याहून देखणी वाट दाखवली. समजा, ५ आणि ८ हे दोन आकडे जपायचे आहेत. आलेखावर क्ष १ असताना ५ आणि क्ष २ असताना ८, असे दोन बिंदू मांडा. दोन बिंदूंतून एकच सरळ रेषा जाते. ती पुढे वाढवली की ३ला ११ आणि ४ला १४ मिळतात. हे चार आकडे चार डिस्कवर ठेवा. आता ५ आणि ८च्या डिस्क बंद पडल्या तरी ११ आणि १४वरून तीच रेषा काढता येते. ती मागे नेली की ५ आणि ८ जागच्या जागी सापडतात! चारांतले कोणतेही दोन पुरतात. कागदावर करून बघाच.

प्रत्यक्षात रेषेऐवजी वरच्या घाताची बहुपदी असते. बॅकब्लेझ या बॅकअप सेवा देणाऱ्या कंपनीने २०१५मध्ये जाहीर केलेल्या रचनेत फाइलचे १७ तुकडे होतात, त्यांवरून ३ जादा तुकडे काढतात आणि हे २० तुकडे २० यंत्रांवर जातात. कोणतेही १७ हाती असले की फाइल पूर्ण होते. जादा जागा जेमतेम १८ टक्के. हे गणित २५६ घटकांच्या सांत क्षेत्रात, म्हणजे फक्त २५६ संख्यांच्या बंदिस्त जगात करतात. तिथे बेरीज म्हणजे बिटांचं एक्सऑर (दोन बिट वेगळे असले तर १, सारखे असले तर ०), आणि भागाकारातही अपूर्णांक येत नाही, म्हणून प्रत्येक उत्तर एका बाइटमध्ये मावतं.

पण वीसही यंत्रं एकाच छताखाली असतील तर आगीपुढे बहुपदी काय करणार? म्हणून दुसऱ्या शहरात प्रत असते का, हे आधी विचारा. ‘९९.९९९९९९९९९ टक्के टिकाऊ’ या जाहिरातीला भुलू नका. तुमच्या हातून किंवा रॅन्समवेअरमुळे (फाइली अडकवून खंडणी मागणाऱ्या प्रोग्राममुळे) झालेली पुसापूस त्या आकड्यात धरलेली नसते. त्यासाठी जुनी व्हर्जन किती दिवस ठेवतात ते बघावं लागतं. नुसतं सिंक असेल तर इथे पुसलेला फोटो तिथेही पुसला जातो. ‘मिलिटरी ग्रेड एनक्रिप्शन’ हे तर निव्वळ विक्रीचं वाक्य आहे. एनक्रिप्शन म्हणजे फाइली कुलूपबंद करणं; त्याची किल्ली फक्त तुमच्याकडे राहते की कंपनीकडेही, एवढंच विचारा. फक्त तुमच्याकडे असेल तर ती हरवल्यावर कंपनीलाही फाइल उघडता येत नाही, तेव्हा ती कागदावर लिहून ठेवा.

आणि सेवा घेतल्याच्या पहिल्याच आठवड्यात एक फोल्डर दुसऱ्या कम्प्युटरवर रिस्टोअर करून फाइली उघडून बघा. ३१ जानेवारी २०१७ला गिटलॅब या प्रोग्रामरांचा कोड साठवणाऱ्या कंपनीत एका इंजिनिअरच्या हातून चुकीच्या सर्व्हरवरचा डेटाबेस पुसला गेला. बॅकअप शोधायला गेले तर तिथे काहीच नव्हतं. बॅकअपच्या प्रोग्रामचं व्हर्जन डेटाबेसच्या व्हर्जनशी जुळत नव्हतं, आणि तो फसल्याच्या ई-मेल कुणापर्यंत पोहोचतच नव्हत्या. शेवटी कामी आली ती सुमारे ६ तासांपूर्वी वेगळ्याच कामासाठी हाताने घेतलेली एक प्रत.