एलटीडी: सिनॅप्स कमजोर होतो तेव्हा

एलटीडी उर्फ लाँग टर्म डिप्रेशन म्हणजे दोन न्यूरॉनमधला (मेंदूतल्या सेलमधला) सिनॅप्स म्हणजे जोड कमजोर होणं, आणि तो कमजोरपणा तासभर किंवा त्याहून कितीतरी जास्त टिकणं. पुष्कळांना वाटतं की वापर नाही म्हणून जोड आपोआप ढिला पडत असेल, पण तसं नाहीये, इथे सेल स्वतः खटपट करून जोडाची ताकद उतरवते, त्यासाठी सिग्नल यावा लागतो, एन्झाइम कामाला लागावी लागतात.

1992 मधे सेरेना डुडेक आणि मार्क बेअर यांनी उंदराच्या हिप्पोकॅम्पसच्या (मेंदूतला आठवणींशी संबंधित भाग) कापांवर एक साधा पण मस्त प्रयोग केला, विजेचे 900 झटके द्यायचे, फक्त वेग बदलायचा. सेकंदाला 1 या वेगानं दिले (म्हणजे 15 मिनिटं टकटक चालूच) तर सिनॅप्स उतरला, 10 च्या वेगाला खास फरक नाही आणि 50 ला उलट चढला. झटके तेवढेच! सगळी करामत कॅल्शियमची. सावकाश सिग्नलनं एनएमडीए रिसेप्टर या सेलच्या पडद्यावरच्या दारातून कॅल्शियम थोडंथोडं पण बराच वेळ आत येत राहतं, त्यानं कॅल्सिन्युरिन नावाचं एन्झाइम जागं होतं, त्याच्यामागून पीपी1 हे दुसरं एन्झाइम, आणि शेवटी सेल आपल्या पडद्यावरचे, सिग्नल घेणारे एएमपीए रिसेप्टर आत ओढून घेते. इंदूरच्या छप्पन दुकान या खाऊबाजारात रविवारची गर्दी तेवढीच पण काही काउंटर बंद केलेत, असं समजा: सिग्नल आणणारं रसायन ग्लुटामेट येतंय, घेणारे कमी. तेच कॅल्शियम एकदम भसकन आत आलं की कायनेज एन्झाइम जोर धरतात आणि सिनॅप्स मजबूत होतो, त्याला एलटीपी (लाँग टर्म पोटेन्शिएशन) म्हणतात.

सेरेबेलममधली (मेंदूच्या मागचा, हालचाली सांभाळणारा भाग) एलटीडी वेगळ्या वाटेनं होते. जेम्स अल्बस यांनी 1971 मधेच म्हटलं होतं की तिथे शिकणं म्हणजे पर्किंजे सेल या तिथल्या मोठ्या न्यूरॉनवरचे सिनॅप्स कमजोर होणं, आणि 1982 मधे मासाओ इतो यांच्या टीमनं ते सशांमधे दाखवलं. आता नवीन नंबरचा चष्मा लावून कुणी इंदूरात अन्नपूर्णा रोडवरून राजवाड्याकडे ॲक्टिव्हा काढली की मान वळवताच दुकानांच्या पाट्या हलल्यासारख्या वाटतात, दोन-चार दिवसांत ते थांबतं, कारण मान आणि डोळ्यांचा हिशोब सेरेबेलम परत बसवतं. इतोंच्या मते हे एलटीडीचं काम. पण 2011 मधे एलटीडी बंद पाडलेले उंदीरसुद्धा असं शिकले, त्यामुळे एकट्या एलटीडीला श्रेय देणं जरा घाईचंच.

आठवणींबद्दल बोलायचं तर 2014 चा सॅन दिएगोमधला, रॉबर्टो मालिनोव यांच्या लॅबचा प्रयोग बघावा. उंदरांच्या मेंदूतल्या अमिग्डाला या भीतीशी संबंधित भागाकडे जाणाऱ्या एका वाटेवर प्रकाशाचे झटके आणि सोबत पायाला शॉक, असं करून त्यांना भीती शिकवली, मग त्याच वाटेवर सेकंदाला 1 च्या वेगानं 900 झटके देऊन एलटीडी केली तर भीती गेली, आणि नंतर जलद झटके दिले तर परत आली.