निळी रेषा म्हणजे 25 वर्षांची हमी नव्हे

वर्धा-वैनगंगेच्या काठी घाटाचं किंवा संरक्षक भिंतीचं काम निघालं की पारावर एक वाक्य हमखास ऐकू येतं: "मोठा पूर येऊन गेला, आता 25 वर्षं घोर नाही." हे चूक आहे. निळी रेषा (नदीकाठची पूररेषा, जिच्या आत बांधकामाला मनाई असते) आखताना 25 वर्षांतून सरासरी एकदा येणारा पूर किंवा पात्राच्या क्षमतेच्या दीडपट विसर्ग, यांतला जो जास्त तो धरतात. म्हणजे 25 वर्षांतून एकदा येणारा किंवा त्याहून मोठा पूर कोणत्याही एका वर्षी येण्याची शक्यता 4 टक्के. यंदा आला तरी पुढल्या साली तेवढीच. 25 वर्षांत एकदा तरी येण्याची शक्यता 64 टक्के निघते.

म्हणून निळ्या रेषेच्या आत बगिचा, मैदान, पायऱ्या चालतील; समाजभवन नाही.

भिंतीनेही प्रश्न मिटत नाही. गावचा नाला भिंतीतून नदीत पडतो तिथे नदीकडच्या तोंडाला झडप हवी, नाहीतर पुराचं पाणी त्याच भोकातून उलटं शिरतं. झडप मिटली की गावातल्या पावसाचं पाणी आत तुंबतं. त्याला खड्डा आणि पंप लागतो (अंदाजपत्रकात नेमका हाच विसरतात). झडपेत वाहून आलेली पऱ्हाटी अडकली तर ती मिटतच नाही. मृगाआधी ती हाताने उघडझाक करून पाहा.