रीलमधला राइट-ऑफ आणि आपला घसारा

"कंपनीच्या नावावर मोठी एसयूव्ही घे, टॅक्समध्ये फुकट पडते" हे ज्ञान बाणेरपासून भोसरीपर्यंत कुठल्याही टपरीवर मिळतं. बहुतेक वेळा ते आलेलं असतं अमेरिकन रीलमधून.

तिकडे ते बऱ्यापैकी खरंय. गाडीचं माणसं-सामान धरून कमाल वजन ६,००० पौंडांच्या वर, म्हणजे साधारण २,७२० किलोच्या वर, आणि निम्म्याहून जास्त वापर धंद्यासाठी असेल तर १०० टक्के बोनस डेप्रिसिएशन, म्हणजे वर्षांवर पसरायचा घसारा (वापराने घटणारी किंमत) एकदम घ्यायची सवलत, लावून धंद्यातल्या वापराच्या हिश्शाची सगळी किंमत पहिल्याच वर्षी खर्चात टाकता येते. हलक्या गाडीला मात्र पहिल्या वर्षी साधारण २० हजार डॉलरचीच मर्यादा. म्हणजे गाडी जितकी धूड तितकी चंगळ! सवलत हवी होती शेतकरी, ठेकेदारांच्या ट्रकला आणि मजा मारली डॉक्टर-वकिलांनी, मग २००४ मध्ये एसयूव्हीसाठी सेक्शन १७९ ला (किंमत पहिल्याच वर्षी खर्चात टाकू देणारं दुसरं कलम) २५ हजार डॉलरची वेसण घातली, पण बोनसचं दार उघडंच. तरी फुकट काही नाही हां, रक्कम वजा होते ती उत्पन्नातून, टॅक्समधून नाही.

आपल्याकडे वजनाचा संबंधच नाही. स्वतःच्या वापराची गाडी धंद्यात दाखवली की घसारा वर्षाला १५ टक्के, तोही दरवर्षी उरलेल्या किमतीवर. समजा प्रायव्हेट लिमिटेडच्या नावावर ३० लाखांची डिझेल एसयूव्ही घेतली, तर पहिल्या वर्षी घसारा साडेचार लाख आणि २५ टक्के दराने टॅक्स वाचला १,१२,५०० (सेस-बिस सोडून). त्यात दिवाळी पाडव्याचा मुहूर्त गाठला तर मार्चअखेर १८० दिवस भरत नाहीत, मग घसारा निम्मा, वाचले फक्त ५६,२५०. जीएसटीचं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट, अशा गाडीवर सहसा मिळतच नाही.

आणि आरटीओचं तर कोणी बोलतच नाही. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावर २० लाखांवरच्या डिझेल गाडीला रोड टॅक्स १५ टक्के, कंपनीच्या नावावर २० टक्के. म्हणजे दीड लाख जास्त, तेही गाडी शोरूममधून निघायच्या आधीच! घसाऱ्याने ते वसूल व्हायलाच दुसरं वर्ष उजाडतं.

जास्त घसारा हवाच असेल तर इलेक्ट्रिक बघा, तिला ४० टक्के आहे.