बाळ अंगावरचं दूध किती पितं? जड पाण्याची चाचणी आणि नमुने घेण्याची रीत

(आमच्याकडे लाळेचे नमुने पाठवणाऱ्या अभ्यास-पथकांसाठी)

बाळ दिवसाला किती दूध पितं, हे आईला विचारून कळत नाही. पाजण्याआधी आणि पाजून झाल्यावर दर वेळी बाळाचं वजन करायचं म्हटलं, तर रात्रीचं पाजणं हमखास सुटतं आणि आईही कंटाळते. जड पाण्याच्या चाचणीत घरातला दिनक्रम आहे तसाच राहतो. ही पद्धत आम्हाला मोलाची वाटते ती यासाठीच.

पहिल्या दिवशी आईला सुमारे ३० ग्रॅम जड पाणी, म्हणजे साध्या हायड्रोजनऐवजी त्याचाच जड प्रकार ड्युटेरियम असलेलं पाणी, प्यायला देतात. ते काही तासांत तिच्या अंगातल्या पाण्यात मिसळतं आणि दुधावाटे बाळाकडे जातं. पुढचे १४ दिवस ठरलेल्या वेळी दोघांची लाळ घेतात आणि तिच्यातलं ड्युटेरियम आम्ही एफटीआयआर (अवरक्त किरणांनी मोजणाऱ्या) यंत्रावर मोजतो. आईचा आकडा उतरत जातो. बाळाचा आधी चढतो, मग उतरतो. हे आलेख आणि दोघांची वजनं यांवरून दुधाचं प्रमाण निघतं, शिवाय दुधाखेरीज बाळाच्या पोटात किती पाणी गेलं तेही. ‘फक्त अंगावरचं’ असं लिहून दिलेलं असतं, पण घरात कुणीतरी बाळगुटी उगाळून चाटवलेली असते, उन्हाळ्यात दोन चमचे पाणी पाजलेलं असतं. तरीही या पाण्याचा आकडा थोडासा आला म्हणून आईला खोटं ठरवू नका. मोजमापात थोडं मागेपुढे होतंच.

जड पाणी म्हटलं की अणुभट्टी आठवते. रायगडातल्या थळचा कारखाना तर आपल्या जवळचाच. पण ड्युटेरियम किरणोत्सारी नाही. हॅरल्ड युरी यांनी १९३१ मध्ये शोधलेला हा हायड्रोजनचा स्थिर समस्थानिक आहे. नळाच्या पाण्यातही दर दहा लाख हायड्रोजन अणूंमागे साधारण दीडशे अणू त्याचेच असतात. डोसनंतर आईच्या अंगातल्या पाण्यात जड पाणी असतं ते हजारात एखादा भाग, आणि तेही काही आठवड्यांत निघून जातं. संमतिपत्र वाचून दाखवताना हे सासूबाईंच्याही कानावर घाला. शंका बहुधा त्यांचीच असते.

आता नमुने. यंत्र कितीही चांगलं असलं, तरी इथे झालेली चूक आम्हाला दुरुस्त करता येत नाही.

डोसआधीचा नमुना दोघांचाही हवाच. प्रत्येकाची मूळ पातळी वेगळी असते. ती नसेल तर पुढच्या आकड्यांना आधार राहत नाही. डोसची बाटली वजन करूनच द्या आणि स्ट्रॉने प्यायला सांगा. मग बाटलीत साधं पाणी घालून, विसळून, तेही पाजा, असं दोनदा. काही सांडलं तर टिशूने टिपा आणि टिशूच्या वाढलेल्या वजनाची नोंद करा.

आईने कापसाचा बोळा ओला होईपर्यंत तोंडात घोळवावा. तो सिरिंजमध्ये घालून दट्ट्याने पिळा. निदान २ मिली लाळ मिळायला हवी. बाळाच्या तोंडात सुटा कापूस कधीही ठेवू नका. काडीला घट्ट गुंडाळलेला बोळा गालाच्या आत फिरवा, आणि तोही पाजून झाल्यावर किमान पंधरा मिनिटांनी. नाहीतर आम्ही मोजू ते तोंडात राहिलेलं दूध.

लाळ ट्यूबमध्ये गेली की झाकण लगेच घट्ट लावा. उघड्या ट्यूबमधून साधं पाणी आधी उडतं, ड्युटेरियम मागे राहतं आणि आकडा खोटाच वाढतो. पावसाळ्यात उलटही होतं: हवेतला ओलावा नमुन्यात शिरतो. आई आणि बाळाच्या ट्यूब वेगवेगळ्या झिप पिशव्यांत ठेवा, सिरिंजही वेगळ्या वापरा आणि पाठवेपर्यंत सगळं उणे २० अंशांवर ठेवा.

मधला एखादा दिवस चुकला तर आम्हाला कळवा, गणित बहुतेक वेळा सावरता येतं. शेवटच्या दोन दिवसांचे नमुने मात्र चुकवू नका.