डिपेंडन्सी इंजेक्शन: हलक्या कंटेनरची पार्श्वभूमी

ऑर्डर नोंदवणाऱ्या क्लासला (म्हणजे प्रोग्रामच्या एका घटकाला) डेटाबेस लागतो. तो त्याने स्वतः ‘न्यू’ (नवी वस्तू बनवण्याचा कोडमधला शब्द) लिहून उभा करायचा, की कुणीतरी बाहेरून हातात द्यायचा? प्रश्न एवढाच आहे, पण जावा या प्रोग्रामिंग भाषेच्या जगाला तो सोडवायला बरीच वर्षं लागली.

2000 च्या आसपास मोठ्या कंपन्यांचं जावा म्हणजे ईजेबी (एंटरप्राइज जावाबीन्स), सर्व्हरवर चालणाऱ्या घटकांचं मानक. एका साध्या घटकासाठी दोन इंटरफेस (घटकाने कोणती कामं करायची याच्या याद्या), एक क्लास आणि वर एक्सएमएल फाइलमध्ये वर्णन लिहावं लागे. लागणारी वस्तू नाव सांगून सर्व्हरच्या नोंदवहीतून शोधून आणायची. त्यामुळे चार ओळींचा हिशेब तपासायचा तरी अख्खा सर्व्हर चालू करावा लागे. अपाचीच्या अ‍ॅव्हलॉन प्रकल्पाने ही दिशा उलटवली. वस्तू आता कंटेनरच, म्हणजे घटक बनवून एकमेकांशी जोडणारा प्रोग्रामच, आणून देऊ लागला, पण त्यासाठी क्लासला अ‍ॅव्हलॉनचेच इंटरफेस पाळावे लागत. एक दावं सुटलं, दुसरं गळ्यात आलं.

2003 मध्ये थॉटवर्क्समधल्या पॉल हॅमंट आणि आस्लाक हेलेसॉय यांनी पिकोकंटेनर आणला. माझ्या मते खरं वळण इथे आहे. नियम एकच होता: जे लागतं ते कन्स्ट्रक्टरमध्ये, म्हणजे वस्तू बनताना चालणाऱ्या कोडमध्ये, मागा. कंटेनर पॅरामीटरचे टाइप पाहून साखळी जुळवतो, आणि तुमच्या क्लासला पिको नावाचं काही अस्तित्वात आहे याचा पत्ताही नसतो. लायब्ररी छोटीशी, जावा सोडून दुसऱ्या कशावरही न विसंबणारी. टेस्ट लिहिताना तर कंटेनरचीही गरज उरत नाही. खोटा डेटाबेस कन्स्ट्रक्टरला दिला की झालं.

लागणारी वस्तू बाहेरून देण्याच्या या तंत्राला तोवर ‘इन्व्हर्जन ऑफ कंट्रोल’, म्हणजे नियंत्रण उलटवणं, म्हणत. पण ही संज्ञा फारच व्यापक होती, कारण नियंत्रण तर प्रत्येक फ्रेमवर्क उलटवतं. जानेवारी 2004 मध्ये सॉफ्टवेअर-लेखक मार्टिन फाउलर यांच्या लेखातून ‘डिपेंडन्सी इंजेक्शन’ हे नाव रूढ झालं.

त्याच वर्षी मार्चमध्ये स्प्रिंग 1.0 हे असंच कंटेनर असलेलं फ्रेमवर्क आलं. ते लोकप्रिय झालं, पण जुळवाजुळव एक्सएमएलमध्ये असल्यामुळे क्लासच्या नावातली चूक प्रोग्राम चालवल्यावरच कळायची. 2007 मध्ये गूगलच्या बॉब ली यांनी ज्यूस (जी-यू-आय-सी-ई असं लिहितात) आणून तीच जुळवाजुळव जावा कोडमध्ये, अ‍ॅनोटेशनच्या (कोडवर लावायच्या खुणांच्या) आधाराने केली. आता कंपायलर चुका पकडू लागला. पुढे 2009 मध्ये बॉब ली आणि स्प्रिंगचे रॉड जॉन्सन, म्हणजे दोन प्रतिस्पर्धी लायब्ररींचे जनक, जेएसआर 330 या जावाच्या सामाईक मानकासाठी एकत्र आले. त्यात आहेत फक्त पाच अ‍ॅनोटेशन आणि एक इंटरफेस! मानक इतकं आटोपशीर असू शकतं, याचं मला आजही कौतुक वाटतं.

अँड्रॉइडवर वेगळीच अडचण आली. ज्यूस क्लासची माहिती रिफ्लेक्शनने, प्रोग्राम चालू असताना काढतो, आणि फोनवर अ‍ॅप उघडताना तो वेळ जाणवतो. 2012 मध्ये स्क्वेअर कंपनीने यावर उपाय म्हणून डॅगर हा कंटेनर आणला. गूगलने 2015 मध्ये आणलेल्या डॅगर 2 ने रिफ्लेक्शन पूर्णपणे सोडलं: साखळी कंपाइल होतानाच जुळते, आणि एखादी कडी सुटली असेल तर बिल्डच अडतं. त्याने तयार केलेली फाइल उघडून पाहिलीत तर आत साध्या ‘न्यू’च्या ओळी दिसतात, हाताने लिहिल्या असत्या तशाच.