पार्श्वभूमी: नागपूरची भूमिती कार्यशाळा आणि सापेक्षतावाद्यांची जागा

नागपुरात आधुनिक भूमितीच्या संशोधकांना एकत्र आणायचे म्हटले की पहिला वाद ठरलेला: सापेक्षतावादावर काम करणाऱ्यांना बोलवायचे का?

वक्र अवकाशांची भूमिती मांडणारे रीमानचे १८५४ चे व्याख्यान आणि त्याच भूमितीतून गुरुत्वाकर्षण सांगणारी आइन्स्टाइनची १९१५ ची समीकरणे (क्षेत्रसमीकरणे) इथे पुन्हा सांगायला नकोत. नागपूरला विद्यापीठ आले १९२३ मध्ये. पुढे १९८३ मध्ये अमरावतीला आणि २०११ मध्ये गडचिरोलीला वेगळी विद्यापीठे झाली. विद्यार्थी, मार्गदर्शक विभागले गेले, पण अनेकांचा विषय एकच राहिला: बियांकी प्रकारची मेट्रिक, म्हणजे सर्व ठिकाणी सारख्या असलेल्या विश्वातली अंतरे मोजणारे सूत्र, घ्यायची आणि क्षेत्रसमीकरणे सोडवायची.

आक्षेप घेणारे म्हणतात, ही नुसती आकडेमोड आहे, भूमिती नव्हे. हे मला पटत नाही. बियांकी-१ हा सर्वांत साधा प्रकार घ्या. चार मितींत ख्रिस्टोफेल चिन्हे, म्हणजे मेट्रिक जागोजागी कशी बदलते ते सांगणारे घटक, ४०. पण तिन्ही दिशांचे प्रसरण फक्त काळावर अवलंबून असेल, तर त्यांतली सहाच शून्येतर उरतात. बाकीची का गळाली, हे समजणे म्हणजे अवकाशाची सममिती समजणे. भूमिती आणखी वेगळी काय असते?

शिवाय इटालियन गणितज्ञ बियांकीचे १८९८ चे अशा सममितींचे वर्गीकरण पुढे अनपेक्षित ठिकाणी उपयोगी पडले. त्रिमितीय अवकाशांसाठी गणितज्ञ थर्स्टनने सांगितलेल्या आठ भूमितींपैकी सात बियांकीच्या सममिती-गटांवर उभ्या करता येतात. उरलेली एक कांटोव्स्की-सॅक्स या विश्वाच्या प्रारूपाची, आणि हे प्रारूपही विदर्भातल्या संशोधकांच्या रोजच्या वापरातले. वक्रता मोजणाऱ्या ज्या रिची टेन्सरचे घटक इथले विद्यार्थी हाताने काढतात, त्यावरच १९८२ चा रिची प्रवाह, म्हणजे वक्रतेनुसार अवकाशाचा आकार हळूहळू बदलत नेणारी पद्धत, उभा आहे. त्याच्याच आधारे रशियन गणितज्ञ पेरेलमानने २००२-०३ मध्ये प्वांकारेचा १९०४ चा प्रश्न सोडवला: ज्यातला प्रत्येक फास आवळून बिंदू करता येतो, असा बंदिस्त त्रिमितीय अवकाश त्रिमितीय गोलासारखाच असतो का?

तरीही आक्षेपात तथ्य आहे. बियांकी-१ ची समीकरणे बिंदूपाशी काय घडते ते सांगतात. तोच अवकाश अमर्याद पसरलेला आहे की तिन्ही दिशांनी स्वतःला जोडलेला त्रिमितीय टोरस आहे, हे त्यांतून कळत नाही. इथल्या बहुतेक प्रबंधांत हा प्रश्नच येत नाही. म्हणून सापेक्षतावाद्यांना बोलवावेच, पण त्यांच्या व्याख्यानालगत संस्थितीशास्त्राचे (अवकाश एकूण कसा जोडलेला आहे याच्या अभ्यासाचे) एक सत्र हवे आणि तेही पहिल्याच दिवशी, सगळे हजर असताना.