इंग्रजीत सांगणे, सुचवणे आणि उद्गार काढणे
(इंग्रजी मजकूर तपासून घेणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

तपासणीसाठी येणाऱ्या ईमेलमध्ये, सूचनाफलकांत आणि यंत्रांच्या पुस्तिकांत स्पेलिंगच्या चुका हल्ली फारशा नसतात, त्या संगणकच पकडतो. त्याच्या हाती लागत नाही ती वाक्याची ढब. व्याकरण बिनचूक असते, तरी वाचणाऱ्याला दरडावल्यासारखे वाटते, किंवा हे सांगणे सक्तीचे आहे की नुसता सल्ला, ते त्याला उमगत नाही. असे बहुतेक वेळा आज्ञार्थी आणि सुचवणाऱ्या वाक्यांत घडते.

मराठीत आदर क्रियापदातच बसलेला असतो : पाठव, पाठवा, पाठवावे, पाठवाल का. इंग्रजी आज्ञार्थाला रूप एकच, 'सेंड'. लहान मुलाला तेच आणि कंपनीच्या अध्यक्षांनाही तेच. म्हणून 'कृपया पाठवावे' हे मनात धरून लिहिलेले 'प्लीज सेंड द फाइल' पलीकडे 'फाइल पाठवा' एवढेच पोचते. 'प्लीज'मुळे धार बोथट होते, हुकूम मात्र हुकूमच राहतो. 'प्लीज काइंडली' असे दोन्ही शब्द जोडूनही त्यात फरक पडत नाही, उलट ती द्विरुक्ती होते.

मग आज्ञार्थ कुठे चालतो आणि कुठे नाही? आम्ही तपासताना एकच प्रश्न विचारतो : या कामात फायदा कोणाचा?

ऐकणाऱ्याचा असेल, तर नुसता आज्ञार्थ चालतो, नव्हे शोभतो. 'कम इन', 'हॅव अ सीट', 'टेक युवर टाइम'. इथे 'कुड यू प्लीज' घातले तर वाक्य हास्यास्पद होते. आग्रहच करायचा असेल तर आधी 'डू' लावावा : 'डू कम इन', म्हणजे 'याच तुम्ही'.

फायदा सांगणाऱ्याचा असेल, तर वाक्य प्रश्नाच्या साच्यात घालावे : 'कुड यू सेंड द फाइल बाय फ्रायडे?' शेवटी प्रश्नचिन्ह हवे, पूर्णविराम नको. 'वुड यू माइंड' वापरलेत तर पुढे 'इंग' लावलेले रूप येते : 'वुड यू माइंड वेटिंग?' याच्या उत्तरात गफलत ठरलेली. प्रश्न 'तुमची हरकत आहे का' असा असल्यामुळे होकार 'नो, नॉट ॲट ऑल' असा द्यायचा असतो. नुसते 'येस' म्हटले की हरकत आहे असा अर्थ निघू शकतो.

आणि फायद्यातोट्याचा प्रश्नच नसेल, निव्वळ कृती सांगायची असेल, तर आज्ञार्थ लिहावा आणि 'प्लीज' गाळावा. बारा पायऱ्यांच्या पुस्तिकेत बारा वेळा 'प्लीज' आला की वाचणारा वैतागतो. धोक्याच्या सूचनेत तर तो मुळीच नको. विनंती नाकारता येते, 'झाकण उघडण्याआधी वीज बंद करा' हे नाकारता येता कामा नये.

पुस्तिकेतले एक वाक्य जवळून पाहू. 'द कव्हर शुड बी रिमूव्हड आफ्टर द पॉवर इज स्विच्ड ऑफ.' व्याकरणात खोट नाही. पण पुस्तिका वाचणारा वाचता वाचता हात चालवत असतो. पहिला शब्द 'कव्हर' दिसला की हात झाकणाकडे जातो, वीज बंद करायचे शेवटी कळते. शिवाय हे काम कोणी करायचे, वापरणाऱ्याने की दुरुस्तीवाल्याने, ते कर्मणी रचनेत झाकले जाते. 'शुड'मुळे सल्ला की सक्ती हा घोळ वेगळाच. दुरुस्ती अशी : '1. स्विच ऑफ द पॉवर. 2. रिमूव्ह द कव्हर.' एका पायरीत एकच काम, ज्या क्रमाने करायचे त्याच क्रमाने. अट असेल तर ती आधी, मग स्वल्पविराम, मग कृती : 'इफ द लाइट टर्न्स रेड, स्विच ऑफ द पॉवर.' इशाराही त्या पायरीच्या आधीच छापावा. पायरीखाली छापलेला इशारा काम उरकल्यावर वाचला जातो.

नकारात 'बी' गळण्याची चूक वारंवार दिसते. 'डोन्ट लेट', 'डोन्ट अफ्रेड' ही वाक्ये अपुरी आहेत. विशेषणाआधी 'बी' लागतोच : 'डोन्ट बी लेट', 'डोन्ट बी अफ्रेड'. बोलताना 'डोन्ट' ठीक, फलकावर आणि पुस्तिकेत 'डू नॉट' असे पूर्ण लिहावे. 'नॉट' ठळक दिसायला हवा.

आता सुचवण्याकडे. सर्वांत जास्त लाल शाई 'सजेस्ट' या क्रियापदावर खर्च होते. 'आय सजेस्ट यू टू चेक द बिल' ही रचना इंग्रजीत बसत नाही. 'आय सजेस्ट चेकिंग द बिल' किंवा 'आय सजेस्ट दॅट यू चेक द बिल' असे लिहावे. दुसऱ्या रचनेत कर्ता 'ही' असला तरी औपचारिक लिखाणात क्रियापद मूळ रूपात राहते, म्हणजे 'दॅट ही चेक', 'चेक्स' नव्हे. गोंधळाचे कारण 'ॲडव्हाइज' हे क्रियापद असावे. त्याला 'यू टू' चालते : 'आय ॲडव्हाइज यू टू चेक'. त्याचे नाम 'ॲडव्हाइस' मात्र 'सल्ला' या अर्थाने अनेकवचनी होत नाही.

'हॅड बेटर' जपून वापरा. शब्दांवरून तो सौम्य सल्ला वाटतो, पण त्यात 'नाहीतर बघा' दडलेले असते. 'यू हॅड बेटर पे बाय मंडे' हे ग्राहकाला धमकीसारखे लागते. 'यू माइट वॉन्ट टू' मऊ आहे, ते वरिष्ठांनाही चालते. 'व्हाय डोन्ट यू कॉल हिम?' हा जाब नाही, साधी सूचना आहे. त्यातल्या 'डोन्ट'च्या जागी 'डिडन्ट' आला की मात्र तो जाब होऊ शकतो.

'करूया' या अर्थाचे 'लेट्स' हे 'लेट अस'चे संक्षिप्त रूप. लिहिताना त्यातले लोपचिन्ह (अपॉस्ट्रॉफी) विसरू नये, पुढे 'टू' लावू नये, आणि नकार 'लेट्स नॉट' असा करावा. पण 'आम्हाला कळवा' या अर्थाचे 'लेट अस नो' कधीही आखडू नये. 'प्लीज लेट्स नो' वाचून समोरचा बुचकळ्यात पडतो, कारण तिथे 'लेट'चा अर्थ '(कळू) देणे' असा आहे, सोबत घेणे नाही.

बैठकीचा वृत्तान्त लिहिताना आज्ञा 'टोल्ड' किंवा 'आस्क्ड'ने सांगावी, पुढे व्यक्ती, मग 'टू' : 'शी आस्क्ड अस टू वेट'. नकारात 'नॉट टू वेट'.

उद्गारांत चूक होते ती 'किती'मुळे. मराठीत 'किती सुंदर!' आणि 'किती सुंदर फूल!' दोन्ही चालतात. इंग्रजीत 'हाउ'पुढे एकटे विशेषण किंवा क्रियाविशेषण येते, नाम आले की 'व्हॉट' लागतो : 'हाउ ब्यूटिफुल!' पण 'व्हॉट अ ब्यूटिफुल फ्लॉवर!' नाम अनेकवचनी किंवा न मोजता येणारे असेल तर 'अ' जातो : 'व्हॉट लव्हली वेदर!' 'व्हॉट अ पिटी', 'व्हॉट अ रिलीफ' असे काही ठरीव प्रयोग अपवाद म्हणून पाठच करावेत. शब्दक्रमही सांभाळा. 'हाउ टॉल शी इज!' हा उद्गार, 'हाउ टॉल इज शी?' हा प्रश्न.

उद्गारचिन्ह एकच, आणि त्याआधी जागा न सोडता. 'थँक्स!' मध्ये ते प्रसन्न दिसते, 'रिप्लाय टुडे!' मध्ये मात्र ओरडल्यासारखे. सगळी अक्षरे मोठी केली तर दुप्पट.

मजकूर पाठवताना तीन गोष्टी कळवा : वाचणारा कोण आहे, सांगितलेले करणे त्याला सक्तीचे आहे का, आणि मजकूर पडद्यावर वाचला जाणार आहे की कागदावर किंवा फलकावर. हे माहीत नसेल तर 'मस्ट', 'शुड' आणि 'कुड' यांतला निर्णय आम्ही करत नाही. त्या जागी समासात प्रश्नचिन्ह करून मजकूर तुमच्याकडे परत येतो आणि तेवढा वेळ वाढतो.